तलाव निवळला, काका! मनापासून आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

कोणी आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. टँकर आणि बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या आपल्यासारख्या कितीतरी सोसायट्यांचे पोहण्याचे तलाव ऐन उन्हाळ्यात हिरवे होतात. तिथे प्रत्येक ठिकाणी जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेले काका असतीलच असं नाही.

मुलांना सुट्टी लागली आणि आपलं पाणी शेवाळलं. पायऱ्या बुळबुळीत झाल्या, तळ दिसेना, आणि गुडघेदुखीमुळे सकाळी पाण्यात चालणाऱ्या आम्हा बायकांचं चालणंच बंद पडलं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाच त्याची किंमत कळेल. देखभालीच्या कंत्राटदाराचं म्हणणं होतं की क्लोरीनच्या गोळ्या वाढवा आणि वर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका. मोरचुदाने शेवाळ मरतं, हे तुम्हीही नाकारलं नाहीत. द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रणात तेच असतं. पण त्यातलं तांबं पाण्यातच राहतं, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) चढा असला की भिंतींवर डाग धरतं, पांढऱ्या केसांवर हिरवट झाक आणतं. बैठकीत एवढं सांगून तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत: तलावात पाणी किती आहे, आणि ते कोणी तपासलंय का?

उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग तुम्ही मोजपट्टी घेऊन तलाव सांभाळणाऱ्या मुलाबरोबर काठावर उतरलात. १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे दीड लाख लिटर. यात १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीन वाढवायला १५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं दीड लिटर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण). हा हिशेब त्या मुलाला आता झोपेतही सांगता येतो.

तपासणीत पीएच ८च्या वर निघाला. क्लोरीनचं जोरकस रूप पीएच ७.५ला साधारण निम्मं असतं आणि ८ला जेमतेम पाव उरतं, हे तेव्हा कळलं. पण खरा घोळ सायन्युरिक ॲसिडचा होता. उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून ते गोळ्यांमध्येच असतं. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन पाण्यात गेलं की त्याबरोबर ६ पीपीएम सायन्युरिकही जातं. क्लोरीन खर्च होतं, हे मात्र उडत नाही की सहजी विघटत नाही; साठत जातं आणि क्लोरीनला असं धरून ठेवतं की त्याचा जोरच राहत नाही. ३० ते ५० पीपीएम पुरे असताना आपल्याकडे १५० निघालं. सायन्युरिक जितकं जास्त, तितकं चाचणीच्या नळीतलं पाणी गढूळ होतं; तळाचा काळा ठिपका इतक्या लवकर दिसेनासा झाला की निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा मोजावं लागलं. आणखी गोळ्या टाकणं म्हणजे दुखणं वाढवणंच होतं.

आमटीत मीठ जास्त पडलं तर पाणी वाढवण्यावाचून गत्यंतर नसतं, तसंच हे, असं तुम्ही म्हणालात आणि सभा तापली. मे महिन्यात तलावाचं पाणी काढायचं? विरोध करणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. आपण पिण्याचं पाणीसुद्धा विकत घेतो. तुम्ही आवाज न चढवता मार्ग काढलात. गोळ्या बंद करून उन्हाने क्लोरीन उतरू दिलंत आणि काढलेलं एक लाख लिटर पाणी टप्प्याटप्प्याने फ्लशच्या टाक्यांकडे वळवलंत. फ्लशसाठी येणारे टँकर तेवढे दिवस तलावाकडे गेले. तलाव पुरता रिकामा मात्र करू दिला नाहीत, कारण जमिनीत ओल असेल तर खालून येणारा दाब रिकाम्या तलावाला धोका करतो. एक तृतीयांश जुनं पाणी राहिलं आणि सायन्युरिक ५०च्या आसपास आलं.

त्यानंतर आधी ॲसिडने पीएच ७.२ वर आणलात, कारण क्लोरीन खूप वाढवल्यावर पीएचची चाचणी भरवशाची राहत नाही. संध्याकाळी ऊन गेल्यावर क्लोरीन २० पीपीएमवर नेलंत, त्याला ३० लिटर हायपो लागलं. ब्लीचिंग पावडर नको म्हणालात, त्यातून कॅल्शियम वाढतं आणि आपलं बोअरचं पाणी आधीच जड. भिंती ब्रशने घासणं, पंप रात्रंदिवस चालू, दाब चढला की वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं), क्लोरीन उतरलं की पुन्हा भर, असं चाललं. हिरवं पाणी राखाडी झालं, मग दुधाळ. तेव्हा अनेकांनी तुरटीचा आग्रह धरला. तुम्ही आयुष्यभर तुरटीनेच पाणी निवळवलंत, पण केंद्रात गाळ बसायला वेगळ्या टाक्या असतात. इथे तो गाळ वाळूत अडकून फिल्टरच तुंबला असता. तुमचं ऐकलं, हे बरं झालं.

तळ दिसल्यावरही तुम्ही थांबला नाहीत. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजायचं आणि सूर्योदयाआधी पुन्हा. रात्री ऊन नसतं, तरी १ पीपीएमपेक्षा जास्त घटलं तर ते खाणारं शेवाळ अजून शिल्लक आहे. ती परीक्षा पास झाली, मग क्लोरीन खाली येऊ दिलंत आणि तेव्हाच आम्हाला पाण्यात सोडलंत.

काका, मला सर्वात जास्त आभार मानायचे आहेत ते त्या मुलाच्या वतीने. सगळे त्याच्यावर तोंडसुख घेत होते. त्या बैठकीत तुम्ही २०१६च्या रिओ ऑलिम्पिकची गोष्ट सांगितलीत: मारिया लेंक केंद्रातल्या डायव्हिंगच्या तलावात चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं, त्याने क्लोरीन निकामी केलं आणि साऱ्या जगासमोर पाणी हिरवं झालं. ऑलिम्पिकमध्ये घडतं, तिथे न शिकवलेल्या पोराला काय बोलायचं, असं तुम्ही विचारलंत. मग त्याला शिकवलंत. हातमोजे आणि गॉगल आणून दिलेत. हायपो आणि ॲसिड कधी एकत्र येऊ द्यायचं नाही, विषारी वायू होतो. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीच नाही, भडका उडू शकतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. तोवर तो हे सगळं उघड्या हातांनी हाताळत होता, आणि आम्ही रोज त्याच्या शेजारून जात होतो.

पुढच्या सभेत आकडे तुम्ही वाचले नाहीत, त्याला वाचायला लावलेत. क्लोरीन ५ पीपीएम, पीएच ७.५, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) १०० पीपीएम. कोणी तरी विचारलं की डोळे चुरचुरतात म्हणजे क्लोरीन जास्त ना? त्याने उभं राहून सांगितलं की घाम आणि लघवीशी बांधलं गेलेलं क्लोरीन चुरचुरतं, म्हणून आधी अंघोळ करून उतरा. टाळ्या पडल्या. त्याच्या पगारवाढीचा ठराव त्याच सभेत झाला, तोही तुम्हीच मांडलात.

आता पावसाळा येतोय. तलाव ओसंडला की सायन्युरिकही उतरेल, तेव्हा दर आठवड्याला मोजायचं, असं त्याने वहीत स्वतःहून लिहून ठेवलंय. शनिवारी संध्याकाळी आम्ही साऱ्याजणी तुमच्याकडे येतोय. काकूंना सांगा, स्वयंपाक आम्ही आणणार आहोत. नाही म्हणू नका.

तुमची,
सकाळच्या गटातली एक शेजारीण