काळजीच्या नावाखाली चौकशी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोणाचे लग्न का लांबले, कोणाला मूल का नाही, कोणाची नोकरी का सुटली, हे जाणून घेणे हा आपला हक्कच आहे असे मानणाऱ्या मंडळींविषयी मला लिहावेसे वाटते. अशी विचारपूस बहुधा काळजीच्या सुरात केली जाते आणि म्हणूनच ती टाळणे अवघड जाते. उत्तर दिले तर ते संध्याकाळपर्यंत चार घरी पोहोचते, न दिले तर माणूस शिष्ट ठरतो. नुकताच गर्भ गमावलेल्या माझ्या नात्यातील एका स्त्रीला भर समारंभात ‘गोड बातमी कधी?’ असे विचारले गेले, तेव्हा तिचा उतरलेला चेहरा मी पाहिला आहे. विचारणाऱ्याला काही ठाऊक नव्हते हे खरे. परंतु ठाऊक नसणे हेच न विचारण्याचे पुरेसे कारण नव्हते का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील बारावे कलम खासगी जीवनात आणि कुटुंबात मनमानी हस्तक्षेप होऊ नये असे सांगते. शेजारी, नातेवाईक आणि सहकारी यांनीही हे पथ्य पाळायला हवे.

मारहाणीचा आवाज ऐकून दार ठोठावणे ही मात्र लुडबुड नव्हे, ते कर्तव्य आहे. नेमक्या त्याच वेळी, एरवी सगळ्यांची खबर ठेवणारी माणसे ‘त्यांचा घरगुती मामला’ म्हणून अनेकदा दार लावून घेतात, याची मला फार खंत वाटते.

आपली नम्र,
एक वाचक