शेपूट लुळे पडलेल्या मांजराची लघवी वेळेवर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आणि पुढे थंडीत साताऱ्यातली मांजरे उभ्या गाड्यांच्या चाकाआड, मडगार्डखाली, बॉनेटच्या आत ऊब शोधत बसतात. गाडी सुरू होते, मांजर पळते आणि शेपूट चाकाखाली अडकून ताणले जाते. कधी कुत्रा शेपूट धरतो, कधी दारात सापडते. बाहेरून जखम दिसत नाही, पण शेपूट लुळे लोंबते आणि एक-दोन दिवसांत मांजर बसेल तिथे ओले करू लागते. मग ‘याचं आता काही होत नाही’ म्हणून त्याला मंडईत नेऊन सोडतात, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कायमचे झोपवायला सांगतात. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. अशा मांजरांपैकी बरीच सुधारतात, पण पहिला महिनाभर त्यांची लघवी कुणीतरी हाताने काढून द्यावी लागते. हे काम घरात जमण्यासारखे आहे. ते शिकवणारे कुणी भेटत नाही, एवढीच अडचण.

शेपटाला हिसका बसला की त्याच्या मुळाशी, माकडहाडाच्या वर, मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकातून निघणाऱ्या नसा ताणल्या जातात किंवा तुटतात. याच नसा मूत्राशयाला ‘आकस’ म्हणून सांगतात आणि गुदद्वार आवळून धरतात. त्या बंद पडल्या की मूत्राशय भरत राहते, पण आकसत नाही. काठोकाठ भरल्यावर जादा लघवी आपोआप बाहेर सांडते आणि घरच्यांना वाटते, लघवी होते आहे, उलट जास्तच होते आहे. यासारखा घातक गैरसमज दुसरा नाही. गळणाऱ्या मांजराचे मूत्राशय बहुधा तुडुंब भरलेले असते. ते असे दिवसचे दिवस ताणलेले राहिले तर त्याच्या भिंतीतले स्नायूंचे धागे एकमेकांपासून सुटतात, आणि पुढे नस बरी झाली तरी स्नायू आकसत नाही. म्हणजे अपघाताने जेवढे नुकसान होते त्यात निष्काळजीपणाची भर पडते, आणि ही भर टाळता येते.

अपघातानंतर लगेच मात्र पोटाला हात लावू नये. मांजराला पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा भाजीच्या क्रेटमध्ये आडवे ठेवून पशुवैद्यकाकडे न्यावे. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर जरासुद्धा वेळ घालवू नये. छाती, कंबर आणि मूत्राशय शाबूत आहे का हे एक्स-रे आणि सोनोग्राफीने बघून घ्यावे. फुटलेल्या मूत्राशयातूनही थोडी लघवी खाली येऊ शकते, त्यामुळे ‘लघवी झाली, म्हणजे सगळं ठीक’ हा पुरावा धरू नये. पहिले काही दिवस डॉक्टर नळी घालून मूत्राशयाला विश्रांती देतात, तीही चांगली. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

डॉक्टर शेपटाच्या मुळाशी आणि गुदद्वाराजवळ चिमटा घेऊन बघतात. मांजराने वळून पाहिले, गुरगुरले, चावायला आले, तर संवेदना शिल्लक आहे आणि आशा चांगली आहे. नुसता पाय झटकला तर ती आपोआप होणारी क्रिया असते, तिला संवेदना समजू नये. मुळाशी काहीच कळत नसेल तर सुधारण्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांत शेवटचा निर्णय घेऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता लघवी काढण्याची पद्धत. दिवसातून किमान तीनदा, दर आठ तासांनी काढावी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. चौथी वेळ जमली तर उत्तम. जेवणाआधी काढावी, कारण भरल्या पोटावर दाब पडला की मांजर उलटी करते, आणि नंतर खाणे मिळते हे कळले की एरवीही शांत उभे राहते. टेबलावर रबरी चटई किंवा जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. मांजराचे तोंड आपल्यापासून दूर असावे. एक हात छातीखाली आधाराला. दुसरा हात पोटाखालून असा न्यावा की अंगठा एका बाजूला आणि चारही बोटे दुसऱ्या बाजूला येतील. बरगड्यांपासून मागे मागे सरकत मागच्या मांड्यांच्या जरा पुढे आले की एक गुळगुळीत, गोल, सरकणारी वस्तू हाताला लागते. कमी भरले असेल तर लिंबाएवढी, फार भरले असेल तर मोसंबीएवढी. कण्याला लागून, बरगड्यांच्या मागोमाग लागतात ती मूत्रपिंडे, तिथे दाबायचे नाही. वरच्या अंगाला कडक गोळ्यांची माळ लागली तर ती शी आहे.

मूत्राशय हातात आले की बोटांची टोके रोवू नयेत, बोटे सपाट ठेवावीत. दाब हळूहळू वाढवत मूत्राशय शेपटाच्या दिशेने मागे ढकलावे. दाब वर, कण्याकडे देऊ नये. झटका तर अजिबात देऊ नये. पाच-दहा सेकंद दाब तसाच धरला की धार सुरू होते, ती थांबेपर्यंत दाब सोडू नये. मांजर पोट कडक करत असेल तर थांबावे आणि ते श्वास सोडते तेव्हा पोट सैल पडते, त्या वेळी दाबावे. धार थांबल्यावर हात ढिला करून पुन्हा चाचपावे आणि पुन्हा दाबावे. बहुतेकांचे इथेच चुकते. पहिली धार आली की झाले असे वाटते आणि निम्मी लघवी आत राहते. तीत जंतू वाढतात आणि ताप येऊ शकतो. शेवटी हाताला सुरकुतलेला लहानसा गोळाच लागला पाहिजे.

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ८० ते १६० मिलिलिटर लघवी होते. काढलेली लघवी वाटीत धरून औषधाच्या मापाने मोजावी. डायपर घातला असेल तर वापरण्याआधी आणि नंतर काट्यावर वजन करावे, एक ग्रॅमला एक मिलिलिटर धरावे. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला की दोन गोष्टी आपोआप कळतात: लघवी अचानक कमी झाली तर काहीतरी आत राहते आहे, आणि मांजर स्वतःहून काही करू लागले तर काढावी लागणारी लघवी हळूहळू घटते. मात्र डायपर घातल्याने मूत्राशय रिकामे होत नाही, फक्त फरशी कोरडी राहते. नवजात बाळाच्या डायपरला शेपटासाठी भोक पाडून तो वापरता येतो. तो चार तासांहून जास्त ठेवू नये.

सगळ्या मांजरांचे मूत्राशय सारखे नसते. शेपटाच्या मुळाशी इजा असेल तर ते सहसा मऊ असते आणि दाबल्यावर रिकामे होते. कंबरेच्या वर पाठीला मार बसून मागचे पायही गेले असतील तर मूत्राशयाचे तोंड घट्ट आवळलेले असते, मूत्राशय टणक लागते आणि दाबूनही लघवी येत नाही. तिथे जोर केला तर मूत्राशय फाटू शकते. आधी औषधाने तोंड सैल करावे लागते. त्यासाठी डॉक्टर बहुधा प्राझोसिन देतात. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून पहिल्या मात्रेनंतर मांजर मलूल वाटले तर लगेच कळवावे. मूत्राशय आकसवणारे बेथानेकॉल तोंड सैल झाल्याशिवाय देत नाहीत, बंद तोंडावर दाब वाढला की अपायच होतो. स्नायू सैल करणाऱ्या डायझेपामची गोळी मांजराला खायला देऊ नये, काही मांजरांचे यकृत त्याने निकामी होते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने त्याची लघवी काढायला जास्त वेळ आणि जास्त धीर लागतो. मूत्राशय टणक आहे, लागोपाठ दोन वेळा प्रयत्न करूनही थेंब येत नाही, मांजर खात नाही किंवा उलट्या करते, अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडते.

शीचेही बघावे लागते, कारण नसा त्याच असतात. दोन दिवसांत शी झाली नाही तर डॉक्टरांना विचारून शी मऊ करणारे लॅक्ट्युलोज हे औषध सुरू करावे. खाण्यात पाणी वाढवावे: शिजवलेल्या चिकनचे पाणी (मीठ, कांदा, लसूण न घालता), त्यात चमचाभर उकडलेला लाल भोपळा. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि पातळ शी झाली की मागची कातडी आणखी सोलवटते. माणसांसाठीचा फॉस्फेटचा तयार एनिमा मांजराला कधीही देऊ नये, त्याने ते मरते.

मागच्या बाजूचे आणि मांड्यांचे केस कातरून घ्यावेत. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुऊन, कापडाने टिपून पूर्ण कोरडे करावे, मग व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. फिनेल किंवा बाजारातली जंतुनाशके अंगावर लावू नयेत, मांजर चाटते आणि ती त्याला विषारी ठरतात. जस्ताचे मलमही नको. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि बघता बघता अळ्या पडतात, म्हणून शेपटाखालची जागा सकाळ-संध्याकाळ उजेडात नीट बघावी. जनावरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात तसे मांजराला करू नये. अळ्या डॉक्टरांकडूनच काढून घ्याव्यात. शेपूट पूर्ण निर्जीव असेल, सतत घाणीत भिजत असेल, तर ते काढून टाकणेच बरे. दिसायला वाईट वाटते, पण मांजर त्याशिवाय उत्तम राहते.

लघवीला उग्र वास, गढूळपणा किंवा रक्त दिसले तर तपासणी आणि शक्यतो कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते हे ओळखण्याची चाचणी) करून घ्यावे. नसा बधिर असल्याने जंतुसंसर्ग झाला तरी मांजर कुंथत नाही, त्यामुळे आपल्या नाकावर आणि डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. ‘असू दे’ म्हणून महिनाभर अँटिबायोटिक चालू ठेवणे मात्र चुकीचे, पुढे खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही.

साधारण महिनाभरात ताबा परतला नाही तर तो परतण्याची शक्यता फार कमी उरते. तरीही रोज तीनदा लघवी काढणारे घर असेल तर असे मांजर वर्षानुवर्षे खाऊन-पिऊन, खेळून जगते. ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी मांजर रस्त्यावर सोडण्यापेक्षा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. सोडून दिलेले मांजर मूत्राशय तुंबून यातना भोगत मरते.

डॉक्टरांसमोर एकदा स्वतःच्या हाताने लघवी काढून दाखवल्याशिवाय कुणीही मांजर घरी नेऊ नये, आणि डॉक्टरांनीही तसे पाठवू नये. हे दाखवायला दहा मिनिटे पुरतात. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्या-तालुक्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. गायी-म्हशींच्या कामाचा ताण तिथे किती असतो याची आम्हाला जाणीव आहे. तरी महिन्यातून एक दुपार ठरवून मांजर पाळणाऱ्यांना हे प्रात्यक्षिक दाखवावे, आणि प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर पद्धतीचे चित्र व रात्री कुठे जायचे त्याचा पत्ता मराठीत लावावा, अशी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आमची विनंती आहे.

– मांजरांची शुश्रूषा करणारे काही नागरिक, सातारा