छातीत काय गेलं, त्याची नोंद कामगाराच्या हाती द्या

मा. कामगार मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

साहेब, स. न. वि. वि.

उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्या (धातू ओतण्याचे कारखाने), हायड्रॉलिकची शॉप, धातूवर मुलामा चढवणारे प्लेटिंगवाले यांच्या जोरावर बेळगावची आणि पलीकडच्या चंदगडची कितीतरी घरं चालतात. तिथं राबणाऱ्यांच्या आरोग्य-नोंदीच्या एका वहीसाठी हे पत्र आहे.

पिस्टन रॉडला हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक थर, चढवतात, त्या टाकीपाशी कधी पाच मिनिटं उभे राहा. करंट सुरू झाला की बुडबुडे फुटतात, क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार वर येतात आणि नाक चुरचुरायला लागतं. यात क्रोमियम-6 असतं. त्यानं कर्करोग होतो. वर्षानुवर्षं ते नाकात गेलं की मधल्या पडद्याला भोक पडतं. दुखत नाही, म्हणून कित्येकांना पत्ताच नसतो. फाउंड्रीत नॉकआउटला (साचा फोडताना) आणि फेटलिंगला (ओतीव घासून साफ करताना) वाळूतल्या सिलिकाची धूळ. तिचा घातक भाग डोळ्यांना दिसत नाही आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नाही.

कायदा आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात 41-सी कलम आलं: धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची आरोग्य-नोंद ठेवा, त्याला ती पाहू द्या, दर वर्षाच्या आत तपासणी करा. प्रत्यक्षात तपासणीचा कॅम्प येतो; वजन, बीपी, शुगर, आणि 'फिट'चा शिक्का. प्रदूषण मंडळाला दाखवायला चिमणीतला धूर मोजतात. पण कामगाराच्या कमरेला पंप आणि कॉलरला फिल्टर लावून शिफ्टभर हवा मोजलेली मी तरी पाहिलेली नाही.

सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, उघड व्हायला बहुधा 10-20 वर्षं जातात. तोवर माणसानं चार कंत्राटदार बदललेले असतात, एखादं शॉप बंद पडलेलं असतं आणि तो गावी परतलेला असतो. तिथला डॉक्टर टीबीची औषधं सुरू करतो. ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा) व्यावसायिक आजार म्हणून जावं, तर कुठं, कशात, किती वर्षं काम केलंस, पुरावा काय? ब्रिटनमध्ये अशा नोंदी 40 वर्षं जपाव्या लागतात. आपल्याकडे कंत्राटदार गेला की फाइलही गेली.

म्हणून मागणी एवढीच: प्रत्येकाच्या हाती पासबुकासारखी वही द्या. रसायन, विभाग, मोजलेलं प्रमाण, तारीख, एक्स-रे आणि फुफ्फुसाच्या तपासणीचा निकाल, सगळं त्यात. एक प्रत ईएसआय क्रमांकाशी जोडा, म्हणजे शॉप बदललं किंवा माणूस महाराष्ट्रात गेला तरी नोंद त्याच्या मागे जाईल. वही कन्नडमध्ये की मराठीत, हा वाद इथं नको; दोन्हीत छापा.

आणखी एक. कारखाने कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर गेली. बारा-पंधरा माणसांची प्लेटिंग शॉप त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि क्रोमची टाकी बहुतेक तिथंच असते. वही आधी त्यांना द्या.

आपला,
उद्यमबागेतला एक कामगार, बेळगाव