पत्र्याला पैसा, जमिनीला मुरूम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेतीच्या पानावर उंदरांच्या औषधांची माहिती वाचली. औषधावर माझा राग नाही; पण आमच्या भागात शेडात उंदीर होतात ते औषध कमी पडतं म्हणून नव्हे, खालची जमीन उघडी असते म्हणून.

मी करवीर तालुक्यातला शेतकरी. घरामागं दहा बाय बारा फुटांचं पत्र्याचं शेड मारलं. अँगल, रंगीत पत्रा, शटर, सगळं हौसेनं. फॅब्रिकेशनवाल्याच्या कोटेशनात शेवटी एक ओळ होती : 'खालचं काम पार्टीकडं.' पार्टीनं, म्हणजे मी, एक ट्रॉली मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मस केली आणि कोबा पुढच्या वर्षावर ढकलला.

डिसेंबरात शेजारचा उसाचा फड तुटला. टोळी गेली, पाला पेटला, आणि फडातल्या उंदीर-घुशींना जवळचा आसरा माझाच. आठ-दहा दिवसांनी धान्याच्या थप्पीतलं तळचं पोतं ओढलं तर निम्मं पोतं हलकं, तळाला मुठीएवढं भोक. कोपऱ्यात तांबड्या मुरमावर काळ्या ओल्या मातीचा ढीग. त्या ढिगानंच सगळं सांगितलं. मुरमाखालची काळी माती वर आली होती, म्हणजे घूस बाहेरून पत्र्याखालनं बोगदा काढून आत निघाली होती. मी शटरला कुलूप लावून निवांत!

मग झिंक फॉस्फाईड आणलं. दोन मेली, बाकीची शहाणी झाली. एकदा त्रास झालेलं आमिष उंदीर पुन्हा तोंडात धरत नाही. एक थप्पीमागं मेला, तो पंधरा दिवस नाकाला कळत होता. शेजारचं मांजरही त्याच आठवड्यात गेलं, ते माझ्याच औषधानं असं मला अजून वाटतं.

शेवटी गवंडी बोलावला. त्यानं वीतभर काळी माती काढायला लावली. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा कोबा फोडते. त्या जागी मुरूम दोन थरांत चोपला, वर चार इंच काँक्रीट, एक भाग सिमेंटला दोन वाळू, चार खडी. दहा बाय बाराला ते चाळीस घनफूट भरतं, सिमेंटची सातेक पोती. हा खर्च मी पत्र्याच्या रंगावरच वाचवू शकलो असतो. ज्याला एवढंही नको, त्यानं पाडलेल्या घराची जुनी शहाबादी फरशी आणावी; ती स्वस्तात मिळते. पण सांधे सिमेंटनं भरायचे आणि फरशीखाली पाव इंची जस्ताची जाळी अंथरायची. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घालून पैसे वाचवणारे मी पाहिलेत. तिच्या भोकातून उंदराचं पिल्लू सरळ चालत जातं.

खरी मेख कडेला आहे. नुसता कोबा केला तर घूस त्याच्याखालनं पोकळ करते आणि मग तो खचतो. आम्ही बाहेरच्या कडेनं दोन फूट खोल चर काढला, जाळी उभी सोडली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवून माती लोटली. घूस भिंतीला चिकटून खाली उकरते. आडवी जाळी लागली की तिथंच अडते, फूटभर मागं सरून पुन्हा सुरुवात करायचं तिला सुचत नाही. सुचलं असतं तर आपलं कठीण होतं.

आता पत्रा. त्याची पन्हळ जिथं जमिनीला टेकते तिथं प्रत्येक उंचवट्याखाली एक फट राहते. पेन्सिल जाईल तिथं लहान उंदीर जातो. माझ्या शेडात मोजल्या तर अशा फटी साठाच्या वर निघाल्या. सगळ्या सिमेंटच्या मसाल्यानं भरल्या, शटरखाली पत्र्याची पट्टी मारली. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड फूट लांब ठेवली, म्हणजे मागं झाडू फिरतो आणि लेंड्या दिसतात. नदीकाठच्या गावांनी तर हे मनावरच घ्यावं. 2019 आणि 2021 च्या पुरात बिळं बुडाल्यावर उंदरं उंचावरच्या शेडांत चढली, आणि त्यांच्या मुतातनं पसरणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पाय चिरलेल्या माणसाला गाठतो.

माझं मागणं एवढंच. 2021 च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला 77,188 रुपये ठरले, कारण गोठ्यातली खाचखळग्यांची कच्ची जमीन जनावराला वाईट, हे सरकारला पटलं. धान्य ठेवायच्या शेडाचाही तसाच एक साधा नकाशा, चर आणि जाळीसकट, तालुका कृषी कार्यालयानं भिंतीवर लावावा. आणि आपल्या पानावर औषधांच्या शेजारी तो छापावा, उसाची तोड लागायच्या आधी.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर