हरवलेल्या कुत्र्याची नोंद घेणारी एक तरी जागा हवी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

कुत्र्यांबद्दल पेपरात सध्या रोज काही ना काही येतंय, कोर्टाचे निकाल, चावे, निर्बीजीकरण, डॉग व्हॅन, आणि ते यायलाच पाहिजे, कारण ज्यांच्या पोराला कुत्रं चावलंय त्यांचा त्रास खरा आहे. पण या सगळ्यात एका कुत्र्याचा विषय कुणीच काढत नाही, ते म्हणजे घरातनं हरवलेलं कुत्रं. गावठी कुत्रं चार दिवस बाहेर राहिलं, अंगाला चिखल लागला, पट्टा तुटून पडला, की बघणाऱ्याला ते भटकंच दिसतं. त्याला घर आहे, त्याच्या नावाने कुणीतरी गल्लोगल्ली हाका मारत फिरतंय, हे कळणार कसं? आमचा खंड्या दिवाळीत गेला आणि मार्गशीर्षात परत आला. त्या मधल्या काळात जे बघितलं, ज्यांनी मदत केली आणि जिथे काहीच सोय नव्हती ते सगळं लोकांपर्यंत जावं म्हणून लिहितेय, जरा लांबेल, पण जमलं तर छापा.

आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत हजाराची माळ लागली, त्यात दाराशीच सुतळी बॉम्ब फुटला, आणि खंड्या कंपाउंडवरून उडी मारून जो पळाला तो दिसेनासाच झाला. कुत्र्याला आपल्याला ऐकू येत नाहीत इतके बारीक आवाजही ऐकू येतात, आपल्या कानाची मर्यादा २०,००० हर्ट्‌झच्या आसपास आणि त्यांची ४५,००० पर्यंत, म्हणजे त्या रात्री त्याच्या कानात काय झालं असेल याचा विचार करवत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली होती, आमच्याकडे बाराच्या पुढेपर्यंत चालू होतं. पोरांना नावं ठेवत नाही मी, सण आहे, पण वेळ पाळायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही सगळे बाहेर. रंकाळा, शिंगणापूर रोड, बालिंग्याचा पूल, प्रत्येक चहाच्या टपरीवर त्याचा फोटो, दूधवाल्याला फोटो, पेपर टाकणाऱ्या पोरांना फोटो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ज्या ज्या ग्रुपवर आहे त्या सगळ्यांवर फोटो. आणि मग जिथे जिथे सुचलं तिथे फोन केले. मला एवढंच विचारायचं होतं की आमचं कुत्रं हरवलंय याची नोंद कुठे करायची. एका ऑफिसातनं दुसरीकडे, दुसरीकडनं तिसरीकडे, सगळे नीट बोलले, कुणी हिडीसफिडीस केलं नाही, पण हरवलेल्या जनावराचं नाव लिहून घेईल अशी वही कुणाकडेच नव्हती. मोबाईल हरवला तर नोंद होते, गाडी चोरीला गेली तर होते. घरातला जीव हरवला तर भिंतीवर कागद चिकटवायचा आणि वाट बघायची.

त्या दिवसांत भेटेल तो माणूस आम्हाला एकच गोष्ट सांगायचा, यमगर्णीच्या महाराजची. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, तर रोज रात्री जेवताना सांगायच्या. इकडे सगळ्यांना पाठ आहे ती, तरी लांबच्या वाचकांसाठी लिहिते. निपाणी तालुक्यातल्या यमगर्णीचा हा काळा कुत्रा, नाव महाराज, २०२४ च्या जूनच्या शेवटी मालकाबरोबर पंढरपूरच्या वारीला चालत निघाला. पंढरपुरात मालक दर्शन घेऊन बाहेर आले तर कुत्रा नाही, कुणीतरी सांगितलं दुसऱ्या लोकांबरोबर गेला. शोधून शोधून ते १४ जुलैला घरी परतले, आणि दुसऱ्याच दिवशी महाराज दारात शेपूट हलवत उभा, अडीचशे किलोमीटर एकटा येऊन. गावाने त्याला हार घातला आणि जेवण घातलं. आत्तींचं म्हणणं पांडुरंगाने आणून सोडला, आणि मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही, कारण मलाही तेव्हा तेच खरं वाटायला हवं होतं.

लेक मात्र नेटवर बसायचा. त्याने मला बॉबीची गोष्ट वाचून दाखवली, ही शंभर वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली. ओरेगॉन राज्यातल्या सिल्व्हर्टनचं एक कुटुंब १९२३ च्या उन्हाळ्यात गाडीने इंडियाना राज्यात गेलं, तिथे दुसरी कुत्री अंगावर आली म्हणून बॉबी पळाला आणि हरवला. १९२४ च्या फेब्रुवारीत तो घरी पोचला, चार हजार किलोमीटरच्या वर अंतर, मध्ये डोंगर, वाळवंट, हिवाळा, पायाची नखं झिजून गेलेली. मला यातलं सगळ्यात आवडलं ते पुढचं, की तिथल्या प्राणीदया संस्थेने नंतर चौकशी केली तेव्हा वाटेत ज्यांनी ज्यांनी त्याला खायला घातलं, एखादी रात्र आसरा दिला, त्या माणसांचा शोध लागला. म्हणजे कुत्रं एकटं आलं असं आपण म्हणतो खरं, पण वाटेत त्याला माणसं भेटलेली असतात.

कुत्र्याला दिशा कशी कळते यावर चेक देशात अभ्यास झालाय, तो २०२० मध्ये छापून आला. शिकारीच्या २७ कुत्र्यांना जीपीएस लावून जंगलात सोडलं, तर परत येताना जी कुत्री आल्या वाटेने न येता नवीन वाट काढत होती त्यातली बरीच आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण दिशेत पळायची, घर कुठल्याही बाजूला असलं तरी, आणि मग नीट वळून घराकडे निघायची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून ती दिशा ठरवत असावीत असं त्या शास्त्रज्ञांना वाटतं. अर्थात तिथली अंतरं एखाद किलोमीटरची, पंढरपूर ते यमगर्णी नव्हे.

मध्ये एकदा खंड्या मला दिसला होता. बालिंग्याच्या पुढे उसाच्या कडेला, सकाळी सात-साडेसातला, धुकं होतं. मी हाक मारली, त्याने माझ्याकडे बघितलं, कान मागे पाडले आणि सरळ उसात घुसला. माझा खंड्या, माझ्या ताटातली भाकरी खाणारा! मी तिथेच रस्त्यावर बसून रडले. नंतर डॉक्टरांनी समजावलं की घाबरलेलं कुत्रं बाहेर काही दिवस राहिलं की जिवाच्या भीतीने मालकालाही ओळख देत नाही, त्याच्या मागे धावायचं नाही, मोठ्याने हाका मारायच्या नाहीत, उलट खाली बसायचं, तोंड दुसरीकडे करायचं, आपलं वापरलेलं कापड आणि थोडं खाणं तिथे ठेवून लांब थांबायचं. हे सगळ्या कुत्रा पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फार उपयोगाचं आहे. आम्ही तिथे माझी जुनी साडी ठेवली. साडी चुरगळलेली, केस लागलेले, म्हणजे झोपून जात होता, पण समोर येत नव्हता, आणि मग त्या बाजूचा ऊस तुटला आणि तोही दिसायचा बंद झाला.

आला तो मार्गशीर्षातल्या गुरुवारी. आत्ती पहाटे सडा टाकायला बाहेर गेल्या आणि एकदम ओरडल्या, आम्ही घाबरून धावलो, तर हा गेटच्या आत, नेहमीच्या जागेवर, तुळशीपाशी. उडी मारून गेला होता तसा उडी मारूनच आला असणार. हाडं मोजता येत होती, मागच्या पायाला भरत आलेली जखम, कानाच्या आत गोचीड इतके की कातडी दिसत नव्हती. आत्तींनी लगेच परातभर दूधभात कालवायला घेतला, डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं, बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर घालू नका, जीवावर बेततं, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. रक्त तपासलं तर गोचिडांमुळे येणारा ताप निघालाच, त्याच्या गोळ्या चालू आहेत, आता बराच सुधारलाय.

पण त्याच्या गळ्यात आमचा पट्टा नव्हता, ज्याच्यावर आमचा नंबर शिवलेला होता तो. त्याच्या जागी साडीच्या काठाची चिंधी पिळून केलेला एक नाडा होता आणि त्यात एक निळा मणी ओवलेला. कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला. तो मणी बघितल्यापासून मला चैन पडेना, म्हणजे कुणीतरी याला आपलं मानलं होतं, त्या माणसाला हा सापडल्याचं कळायला नको? मग चालायला लागल्यावर त्याला संध्याकाळी गगनबावडा रोडला न्यायला लागलो, कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्या जातात त्या वेळेला. एका गाडीला बघून हा दोरीला जो हिसका देऊन धावला, गाडीवरच्या बाईने उडीच टाकली खाली. "आरं पाव्हण्या, कुठं गेलता रं!" बीडकडची ऊसतोड्यांची टोळी, मावशी साठीच्या आसपासची. त्या त्याला पाव्हणा म्हणायच्या. सांगत होत्या, "उसात पट्टा आडकून बसलं व्हतं ओ ताई, पाय फाटलेला, म्या कोयत्यानं पट्टा तोडला, हळद भरली. भाकर आम्ही खाऊ तीच त्याला. रातच्याला कोपीच्या दाराशी निजायचं, लेकराला राखायचं. येक दिस सकाळी उठून बघतो तर न्हाई." पट्टा तोडला तो उसातच राहिला, नंबर त्याच्यावरच, आणि मावशींना वाचता येत नाही. दिवसभर ऊस तोडायचा, रात्री मोळ्या भरायच्या, कोपीत म्हणजे झोपडीत राहायचं, आणि त्यातली भाकरी आमच्या कुत्र्याला. त्यांना काय देऊ मला सुचत नव्हतं, त्या काही घेईनात, शेवटी नातवाला स्वेटर घेतला तेवढा ठेवून घेतला.

आता मुद्द्याचं. त्या मावशींना आमचं कुत्रं सापडलं होतं, आणि कुठे सांगायचं हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तशी जागाच नाही. आम्ही शोधत होतो, त्यांच्याकडे होता, मध्ये दहा-बारा किलोमीटरचं अंतर. हे असंच प्रत्येक हरवलेल्या कुत्र्याचं होतं.

आणि आता हे जास्त तातडीचं झालंय. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटकं कुत्रं पकडलं की नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. पण ७ नोव्हेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशात शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत, असं सांगितलंय. आदेशावर मी काही बोलत नाही, दवाखान्यातल्या पेशंटला कुत्र्याची भीती नको हे मलाही पटतं. पण फटाक्याला घाबरलेलं कुत्रं लपायला कुठे जातं, अशाच मोकळ्या आवारांत, स्टँडच्या मागे, शाळेच्या व्हरांड्यात. ते उचललं गेलं तर मालकाला कळणार कसं, आणि वाट सापडली तरी ते निवाऱ्यातनं घरी चालत येणार कसं?

म्हणून सगळ्याच महापालिका, नगरपालिकांना माझं मनापासून सांगणं आहे की हरवलेल्या आणि सापडलेल्या जनावरांची एक वही ठेवा, एक फोन नंबर ठेवा, तो डॉग व्हॅनवर मोठ्या अक्षरात लिहा. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो आणि उचलल्याची जागा कुणालाही बघता येईल अशी ठेवा. आणि प्रत्येक डॉग व्हॅनमध्ये मायक्रोचिप वाचायचं मशीन द्या. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्याच्या मध्ये कातडीखाली इंजेक्शनसारखी घालतात, त्यात १५ आकडी नंबर असतो. पुष्कळांना वाटतं तिने कुत्रं कुठंय ते मोबाईलवर दिसतं, तसं नाही, मशीन जवळ धरलं तरच नंबर येतो आणि नंबरवरून मालक कळतो. पट्टा उसात राहतो, चिप राहत नाही. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक पाळीव कुत्र्याला ती बंधनकारक आहे. आम्ही खंड्याला आता बसवून घेतलीय, पण पकडणाऱ्यांकडे मशीनच नसेल तर तिचा उपयोग शून्य, म्हणून हे सांगतेय.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. आठवड्यातनं एकदा चार ओळींची जागा फुकट द्या, हरवलेल्या-सापडलेल्या जनावरांसाठी. खेड्यात, टपरीवर, सलूनमध्ये पेपर अजून वाचून दाखवला जातो, जिथे आमचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पोचत नाहीत.

सुरुवात या पत्रापासूनच करा अशी विनंती. खंड्याला शोधताना आम्हाला शिंगणापूर रोडच्या एका पेट्रोल पंपावर लॅब्रॉडॉर मादी दिसली, फिकट पिवळी, वयस्कर, तोंडाजवळ पांढरी झालेली, गळ्यात लाल पट्टा पण त्यावर काही लिहिलेलं नाही. पंपावरची पोरं तिला सांभाळतायत, बिस्किटं आणि डब्यातलं उरलेलं देतात, पण गाडी थांबली की ती उठून प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन आत बघते. अजून तिथेच आहे. तिच्या घरच्यांनी हे वाचलं तर लगेच पंपावर जावं, नाहीतर तुमच्या ऑफिसात फोन करावा, माझा नंबर मी पत्राबरोबर दिलाय.

आपली,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर