ठिपका थांबला तर

प्रिय आई, बाबा,

हे पत्र दादाला मेल करतेय, तो मोठ्या अक्षरांत छापून देईल. फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा आईच्या 'मग, तारीख ठरली का?'पाशी गाडी अडली. म्हणून लिहून मोकळी होते. यंदा येणं होत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही पनामा कालवा ओलांडला. बोट आता पॅसिफिकच्या बाजूला नांगरलेली आहे आणि मार्चच्या मध्यावर आम्ही दक्षिण पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांकडे निघतोय.

रागावू नका असं म्हणत नाही. रागवा, पण पुढचं वाचून.

कॅरिबियनमध्येच राहिलो असतो तर जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चक्रीवादळांची टांगती तलवार. पॅसिफिकसाठी हेच दिवस बरे, आणि हे हुकले की वर्ष गेलं. बोट इथे सोडून महिनाभर यायचं म्हटलं तर नांगरावर बेवारस ठेवण्याचा धीर होत नाही. बाबा, एवढी कारणं देतेय म्हणजे कुठेतरी टोचतंय, हे तुम्ही ओळखलं असेलच.

पण मागे तुम्ही विचारलं होतंत, 'तुला तिथे आहे कोण?' तेव्हा मी विषय बदलला होता. आज सांगते.

आमच्याएवढ्या बोटीला कालव्यातून जायचं तर सुकाणूवर एक माणूस, दोर धरायला चार आणि वर कालव्याचा सल्लागार, एवढी माणसं लागतात. आम्ही दोघंच. सकाळी रेडिओवर सगळ्या बोटींची हजेरी होते. आधी कुणी आजारी आहे का, मग हवामान, मग आलं कोण, निघालं कोण. त्यात विचारलं, आणि दहा मिनिटांत तिघं तयार! हिरव्या बोटीवरची निवृत्त नर्स आणि आम्ही आधी ज्यांच्यासाठी दोर धरले होते ते नवरा-बायको. कालव्याच्या मधल्या गातुन तलावापर्यंत, दारं बंद करून पाणी भरायच्या तीन हौदांतून, बोट २६ मीटर वर चढते. खालून पाणी भरायला लागलं की ती अशी हिसके देते की १२५ फुटी दोर हातातून ओढला जातो. नर्सबाईंनी वय विसरून दोर धरला आणि मध्येच माझ्यावर खेकसल्या, 'ढिला सोडू नकोस!' अगदी आईचा सूर. रात्री तलावात थांबलो. त्या आमच्या बाकड्यावर झोपल्या, सकाळी माझ्याआधी उठून भांडी घासली. दुसऱ्या दिवशी तिघंही बसने परत गेली. ती कॅरिबियनमध्येच राहणार, त्यामुळे पुन्हा भेट बहुधा नाही. आणि मला त्यांची आडनावंसुद्धा माहीत नाहीत. इथे माणसं बोटीच्या नावाने ओळखली जातात.

अशी मैत्री पटकन होते आणि पटकन तुटते. आधी मला याचा राग यायचा, आता बंदर सोडताना थोडं रडून घेते.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. मागच्या वर्षी रात्री दोन वाजता वादळी सरीत आमचा नांगर सुटला आणि बोट खडकांकडे सरकायला लागली. आम्ही जागे व्हायच्या आत शेजारचा म्हातारा अर्ध्या चड्डीवर डिंगी, म्हणजे छोटी होडी, घेऊन आला आणि डेकवर मुठीने ठोकत सुटला. वाचलो. खरचटलंही नाही, बोटीलासुद्धा नाही. आता नांगर सरकला की वाजणारी घंटा फोनवर लावून झोपतो. सांगायचं कारण एवढंच, की 'कोण आहे' याचं उत्तर ते आहे.

अवघड आहे ते जुन्या मैत्रीचं. माझ्या बाकावरचीचे वडील गेले ते मला अकरा दिवसांनी कळलं. ग्रुपवर तीनशेच्या वर निरोप साचले होते, तो त्यांच्यात कुठेतरी. मी लगेच फोन केला. ती नीट बोलली, फार नीट बोलली. त्यानंतर तिचा फोन नाही. तिला उपग्रहाचं आणि रेंजचं काय सांगू? आई, तू तिच्याकडे एकदा जाऊन ये. माझी बाजू मांडू नकोस, नुसती बस.

आता सोयींचं, म्हणजे आईची झोप उडायला नको. सुमारे चार हजार सागरी मैल, दिवसाला १२०-१३० मैल, म्हणजे महिनाभर धरा. गोडं पाणी बनवायचं यंत्र आहे, अंघोळ होते. चार चार तासांचा पहारा, एक जागा तर एक झोपलेला. पलंगाला कापडाची आडभिंत बांधतो, त्यामुळे बोट कलली तरी पडत नाही. जावई म्हणतात पाळणा. तुमच्या घरातून निघताना ज्या पांघरुणावरून भांडण झालं होतं, ते त्यातच आहे.

आमच्याबरोबर आणखी एक बोट निघतेय. छोट्या रेडिओची पोच पंधरा-वीस मैल, त्यामुळे दोन दिवसांत ती त्यावर ऐकू येईनाशी होईल. पुढे लांब पल्ल्याच्या रेडिओवर रोज ठरल्या वेळी जागा, वारा आणि 'सगळं ठीक' सांगायचं. बाबा, मी रात्री अंधारात हाक मारायचे, 'आहात?' आणि तुम्ही पुढच्या खोलीतून पेपर खाली न ठेवता 'आहे' म्हणायचात. एवढंच पुरायचं आणि मी झोपायचे. इथे रेडिओ हातात घेतला की दरवेळी तो पेपरचा आवाज आठवतो.

आता हुकूम. नकाशावर आमचा ठिपका दर चार तासांनी पुढे सरकेल. थांबला तर बहुतेक जागा कळवणाऱ्या यंत्राची बॅटरी संपलीय किंवा मी ते चालू करायला विसरलेय. दर तासाला बघत बसायचं नाही, सकाळ-संध्याकाळ दोनदाच. दादाला रात्री उठवायचं नाही. खरंच संकट आलं तर बोटीवर ४०६ मेगाहर्ट्झचा बिकन आहे, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक पाठवणारं यंत्र. तो वाजला की बचाव केंद्र घरी फोन करतं. तिथे आधी बाबांचा नंबर होता, आता दादाचा दिलाय. बाबा, तुम्ही रात्री फोन बंद ठेवता, म्हणून. दुसरं काही नाही.

आणि आई, डोळ्याचं ऑपरेशन. मी येईपर्यंत थांबलीयस हे वहिनीने मला सांगितलं. तिला काही बोलू नकोस. याच महिन्यात करून घे. वहिनी सोबत राहील, थेंबांच्या वेळा बाबा वहीत लिहितील. मी तिथे असायला हवी होते, मला कळतं गं. पण माझ्यासाठी धूसर बघत बसू नकोस. बाबांनी गुडघ्याचे व्यायाम सोडलेत तेही मला कळलंय. माझे हेर सगळीकडे आहेत.

निरोप दर रविवारी येईल, १६० अक्षरांत. उत्तरही तेवढंच पाठवा. बाबांचा मागचा निरोप चार तुकड्यांत आला, तिसरा तुकडा सगळ्यांत आधी. त्यात फक्त एवढंच होतं, 'आणि म्हणून तुझी आई म्हणते ते बरोबर आहे.' काय म्हणते ते अजून कळलेलं नाही.

तुमची,
छोटी