भिंत वाळल्याशिवाय रंग लावू नको

शहापूर, बेळगाव
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय सुमे,

निपाणीच्या घराची ओल घालवायला त्या कॉन्ट्रॅक्टरला दादाने अ‍ॅडव्हान्स द्यावा का, असं विचारलंस. देऊ नको. निदान इतक्यात तरी नको. दादाला म्हणावं, अ‍ॅडव्हान्सचे पैसे खिशातच राहू देत. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच "हो गं, पण तो दहा वर्षांची गॅरंटी देतोय" म्हणाली असतीस आणि माझं बोलणं तिथंच अडलं असतं. म्हणून सावकाश लिहायला बसलेय.

निपाणीच्या घराचा तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. पुढच्या खोलीत कमरेपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि भिंतीच्या पायथ्याशी पीठ सांडल्यासारखं पांढरं पडलंय. तो लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते आतून गिलावा ढकलतात. वरून कसलाही भारी रंग फासला तरी लोणा त्याला ढकलून बाहेर येणारच. वहिनी ओल्या फडक्याने पुसत असेल तर तिला थांबव. पाणी लागलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडायचं आणि सुपलीत भरून बाहेर टाकायचं.

आता मला हे एवढं कुठून कळायला लागलं म्हणशील. जुलैत आमच्याकडे काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. राकसकोप धरण भरल्याच्या बातम्या येत होत्या, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि एका रात्री बळ्ळारी नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं. आमचं जोतं उंच, म्हणून गुडघ्याच्या खालीच राहिलं. पलीकडच्या गल्लीत यंत्रमागवाल्यांचे हाल विचारू नको. मागाच्या मोटारी सोडवून वर टांगल्या म्हणून वाचल्या, पण बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावरचं, सूत आणि अर्धी विणलेली साडी त्या काळ्या पाण्यात गेली. साडी धुऊन निघत नाही गं, नाल्याचा वास जात नाही.

ह्यांनी पाणी उंबऱ्याला लागताच मेन स्विच पाडला. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून दादाला ठळक सांग. खालच्या सॉकेटपर्यंत पाणी गेलं असेल तर वायरमनने सगळं उघडून, वाळवून, अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. "पंखा लावू या, लवकर वाळेल" असं घरातल्या कुणाला तरी सुचतंच, तेव्हा त्याला अडवायचं. दुसरं म्हणजे शेगडी. आमच्या सासूबाईंना खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवायची होती, पूर्वी म्हणे तसंच वाळवायचे. बंद खोलीत कोळसा जळला की जो वायू होतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेगडी मी उचलून परसात नेऊन ठेवली. दोन दिवस माझ्याशी अबोला होता.

गाळ काढायच्या आधी फोटो काढले. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढायचा. तलाठी पंचनाम्याला येतो तोपर्यंत आपण घर धुऊन पुसून लख्ख केलेलं असतं आणि मग नुकसान दाखवणार काय? विम्याच्या सर्व्हेअरचंही तेच. गाद्या फेकायच्याच होत्या, पण फोटोत आल्यावर फेकल्या. नाल्याचं पाणी प्यायलेली कापसाची गादी उन्हात घालून वाचत नाही, हट्ट करू नये.

फडताळाच्या खालच्या खणात आईचे जुने फोटो होते. अल्बमची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. वन्सं ओढून सोडवायला निघाल्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी अडवलं. परातीत स्वच्छ गार पाणी घेतलं, अख्खं पान त्यात बुडवलं आणि वाट बघत बसलो. थोड्या वेळाने आईचा नऊवारीतला फोटो कडेने स्वतःच सुटायला लागला. बोटाने नुसता आधार द्यायचा, ओढायचं नाही. मग चित्राची बाजू वर करून कोऱ्या कागदावर सावलीत ठेवायचं. सगळे वाचले नाहीत, पण तो वाचला. घराचा उतारा आणि बँकेची कागदं मात्र वरच्या ट्रंकेत होती, देवाची कृपा.

आता वाळवण्याचं. पुण्याच्या लोकांचे सल्ले ऐकू नको, तिथं दोन दिवस ऊन पडलं की भागतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात बाहेरची हवाच ओलीचिंब असते. खिडक्या उघड्या टाकल्या तर भिंत उलट ओल ओढून घेते. आम्ही पाऊस उघडला की खिडक्या उघडायचो, भुरभुर लागली की बंद करून वायरमनने तपासून दिलेल्या लाइनवर पंखा. ओल राहिली की एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते, म्हणून कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली. जुन्या दीड फुटी भिंती वाळायला महिने लागतात, आठवडे नव्हे. गणपतीच्या आधी रंग झालाच पाहिजे असं घरात प्रत्येकाला वाटत होतं. यंदा आमचा गणपती उघड्या चिऱ्याच्या भिंतीपुढे बसला. पाहुण्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

कॉन्ट्रॅक्टर मंडळींबद्दल सांगते, कारण तुझा खरा प्रश्न तोच. पूर ओसरला की हे लोक गल्लीत हँडबिलं वाटत फिरतात. पहिला आला तो बूट न काढता सरळ आत. मोबाइलमध्ये केमिकलच्या डब्यांचे फोटो. भिंतीला हात न लावता फुटावर रेट सांगितला. मी विचारलं, मागच्या खोलीत ओल छताजवळ आहे आणि पुढच्या खोलीत जमिनीजवळ, दोन्हीला एकच औषध कसं? म्हणाला, "मॅडम, आमचं प्रॉडक्ट सगळ्यावर चालतं." वर बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील असंही. बिल नाही म्हणजे गॅरंटीचा कागदही नाही, हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. चहा पाजून वाटेला लावला.

ज्याला काम दिलं तो मेस्त्री गोकाककडचा. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो. आला तो खिशातून किल्ली काढून भिंतीवर टकटक करत फिरला, जिथं गिलावा पोकळ वाजला तिथं खडूने गोल केले. मग म्हणाला, "अक्का, वरच्या बाथरूमचा नळ आज कुणी सोडू नका." दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीच्या छताचा डाग जरा सुकला होता. म्हणजे ते पाणी पावसाचं नव्हतंच, बाथरूमच्या सांध्यातून झिरपत होतं आणि आम्ही गच्चीला दोष देत होतो! भिंतीवर त्याने पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या अंगाला आले तर खोलीतल्या हवेची वाफ. आमच्याकडे आतून आले. हे दादाला आजच करता येईल, खर्च काहीच नाही.

मेस्त्री देवमाणूस आहे असं समजू नको. गणपतीत गावाला गेला तो फोन उचलेना, आणि चुन्याऐवजी सिमेंट मारायचा त्याचाही हात शिवशिवत होता. पुढची भिंत मातीत बांधलेली, तिला चुन्याचाच गिलावा होता. त्यावर सिमेंट चढवलं की आतलं पाणी अडकतं आणि वाट शोधत आणखी वर चढतं. मागच्या मालकाने नेमकं तेच करून ठेवलेलं, ते सगळं खरवडून काढावं लागलं. पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर घ्यायचं, रेघेवर थांबायचं नाही. चुना भिजवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मी पिंप भरून स्वतः समोर भिजवून घेतला.

पण तो आणि पहिला यांच्यात फरक एवढाच की पाणी कुठून येतं हे त्याला सांगता आलं. बाकी रेट, डबे, गॅरंटी, नंतरचं. दादाने त्या माणसाला समोर उभा करून एवढंच विचारावं. "केमिकल मारू" असं उत्तर आलं तर तो पुसायचा माणूस आहे, दुरुस्तीचा नव्हे.

निपाणीत आणखी एक भानगड आहे. तुमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. खानापूरच्या तांबड्या मातीवरच्या घराला जो इलाज चालतो तो तुम्हाला चालेलच असं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालीय का ते बघायला सांग. असेल तर भेगेवर पेन्सिलने आडवी खूण करून तारीख घालायची, आणि काही महिन्यांनी ती वाढली का बघायचं. वाढत असेल तर रंगवाला नको, पायाकडे बघणारा इंजिनिअर हवा. भिंतीला लागून केळी किंवा फुलझाडं लावली असतील तर हलवा. पत्र्याची पागोळी थेट भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावून पाणी लांब न्या. माझ्या मते निम्मी ओल तिथंच जाईल, पण हे काम स्वस्त असल्यामुळे कुठलाही कॉन्ट्रॅक्टर सुचवत नाही.

काम द्यायचंच झालं तर कागदावर. गिलावा किती फूट उंचीपर्यंत काढणार, राडारोडा कोण उचलणार, परांचीचे पैसे वेगळे का, सिमेंट-चुना कुणाचा. पैसे हप्त्याहप्त्याने, आणि शेवटचा दहावा हिस्सा एक पाऊस बघितल्यावर. तो कुरकुर करेल, करू दे. गच्चीचा कोबा करायचा असला तर उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच तरी पडला पाहिजे. झाल्यावर पन्हाळीची तोंडं बोळ्याने बुजवून इंच-दोन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवायचं आणि खालून छत बघायचं. टेस्ट झाल्याशिवाय बिल नाही हे आधीच बोलून घ्यायचं. कोपऱ्यात, म्हणजे गच्ची आणि कठडा जिथं मिळतात तिथं, गोलाई मारून घ्यायला विसरू नका. पाणी तिथूनच आत जातं.

विम्याचं बघितलंस का? दादाचं गृहकर्ज आहे, बँकेने तेव्हा पॉलिसी गळ्यात मारली असेल. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' म्हणून सगळ्या कंपन्यांची एकाच नमुन्याची घराची पॉलिसी आली आहे. तीत पूर, तुंबलेलं पाणी, टाकी किंवा पाइप फुटून झालेली नासाडी धरतात. घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. वर्षानुवर्षं चढलेल्या ओलीचं मात्र कुणी काही देत नाही. म्हणून यंदाच्या पावसात नेमकं काय झालं आणि आधीचं काय, हे वेगळं लिहून ठेवा. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलं होतं, तेव्हा तुमच्या गल्लीत कुठवर आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून तेही टिपून ठेवायला हरकत नाही. घर उचलायचं किंवा जोतं वाढवायचं ठरलं तर तीच रेघ कामाला येईल.

आमची पुढची भिंत अजून हाताला गार लागते. दिवाळीला रंग होणार नाही, जानेवारीत बघू. ह्यांनी एका रंगाच्या दुकानातून शेडकार्ड आणून ठेवलंय आणि रोज नवा रंग पसंत करतात. मी ते कपाटावर टाकलंय.

तू दिवाळीला निपाणीला येणार असशील तर एक दिवस काढून बेळगावला ये. तिरप्या भेगेचा आणि प्लास्टिकच्या चौकोनाचा फोटो त्याआधी पाठव, मेस्त्रीला दाखवते. तो निपाणीपर्यंत यायला तयार आहे, पण गाडीभाडं आणि जेवण मागतो, तेवढं द्यायला दादाला सांग.

काकूंना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझी,
विजू

ता. क. : पुराचं पाणी शिरलं होतं तर परसातल्या विहिरीचं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून, तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका. वहिनी "विहीर आमची गोडी आहे" म्हणून ऐकणार नाही, तू दटाव.